आपांचा गिरसप्पा

सहलीचा बेत ठरला की आपल्या बहुतेक घरांत एक प्रसंग हमखास घडतो. गाडीत किती माणसे मावतील याचा हिशेब सुरू होतो आणि कुणी काही बोलण्याआधीच घरातले एखादे वडीलधारे माणूस म्हणते, "तुम्ही जा, मी थांबते. घराकडेही कुणीतरी हवं ना!" मग तेच माणूस पहाटे उठून सगळ्यांचा डबा भरते, दारात उभे राहून दुआ देते आणि संध्याकाळी आपण भिजून परतलो की गरम चहा पुढे करते. फोटो पाहताना "माशाअल्लाह, किती सुंदर!" असेही तेच म्हणते.

आमच्या घरात गेली तीस वर्षे हे माणूस म्हणजे आपा. आमच्या थोरल्या बहीण, मुलांच्या फुफी. वय 68. दोन्ही गुडघे दुखरे. चार पायऱ्या चढायच्या तरी भिंतीचा आधार लागतो. त्यामुळे त्यांनी "मी थांबते" म्हटले की आम्हीही फार आग्रह करत नव्हतो. खरे सांगायचे तर आग्रह न करणे आमच्याही सोयीचे होते.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री जेवणानंतर आमचा धाकटा मुलगा मोबाइलवर धबधब्याचा व्हिडिओ दाखवत होता. आपांनी चष्मा लावून पाहिले आणि विचारले, "हा गिरसप्पा का रे?"

"नाही फुफी, हा जोग फॉल्स. कर्नाटकातला."

"तोच तो. आमच्या वेळी गिरसप्पाच म्हणायचे."

आणि मग आपांनी जे सांगितले ते आम्ही याआधी कधीच ऐकले नव्हते. चौथीत असताना त्यांच्या बाईंनी भूगोलाच्या तासाला फळ्याच्या वरच्या टोकापासून खडूने एक रेघ ओढली. फळा संपला तरी बाई थांबल्या नाहीत. रेघ भिंतीवर आली, भिंतीवरून जमिनीपर्यंत गेली. मग बाई म्हणाल्या, मुलींनो, गिरसप्पाचे पाणी याच्या कितीतरी पट उंचावरून पडते. "त्याच वर्षी माझी शाळा सुटली," आपा अगदी सहज म्हणाल्या. "घरात लहान भावंडं होती, त्यांना बघायला कुणी नव्हतं. बाकी सगळं विसरले, पण ती रेघ डोक्यात राहिली."

ती लहान भावंडे म्हणजे आम्हीच. त्या रात्री घरात आणखी कुणी काही बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या तिकिटांची चौकशी सुरू झाली.

आपांचे म्हणणे बरोबर होते. शरावती नदीवरच्या या धबधब्याला आज सगळे जोग म्हणतात, पण जुन्या मराठी पिढीला तो गिरसप्पाचा धबधबा म्हणूनच माहीत आहे. गिरसप्पा, म्हणजे आजचे गेरसोप्पा, हे नदीकाठी खाली वसलेले जुने गाव. सोळाव्या शतकात तिथे राणी चेन्नभैरादेवीचे राज्य होते आणि मिऱ्याच्या व्यापारासाठी ती एवढी प्रसिद्ध होती की पोर्तुगीज तिला मिऱ्याची राणीच म्हणत. मराठी मनात हे नाव रुजण्याचे आणखी एक कारण आहे. धबधब्याच्या उत्तरेकडचा उत्तर कानडा जिल्हा 1862 साली मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो मुंबईकडेच होता. म्हणजे नदीचा एक काठ मुंबईचा आणि दुसरा म्हैसूरचा. उत्तर काठावरच्या जुन्या बंगल्याला लोक आजही बॉम्बे बंगला म्हणतात.

उंची 253 मीटर, म्हणजे 830 फूट. आकडा वाचून डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही, म्हणून आमच्या थोरल्या मुलीने आपांना हिशेब करून दाखवला. विजापूरचा गोलगुंबज 51 मीटर उंच आहे. तसे पाच गोलगुंबज एकावर एक ठेवले तर जोगचा माथा गाठता येईल. मेघालयातला नोहकालिकाई याहून उंच आहे, पण जोगची खरी मोठेपणाची गोष्ट वेगळीच आहे. इतका उंच धबधबा पाहायला डोंगर चढावा लागत नाही, दरीत उतरावे लागत नाही, ओढे ओलांडावे लागत नाहीत. गाडी दारापर्यंत जाते, तिथून थोडी पावले चालले की कठडा आणि कठड्यापलीकडे समोरच धबधबा. आपल्या कोकणात धबधब्यांची कमी नाही, पण त्यांतल्या किती ठिकाणी दुखऱ्या गुडघ्यांचे माणूस जाऊ शकेल? आमच्यासाठी तरी हाच प्रश्न महत्त्वाचा होता.

पाऊस जरा ओसरल्यावर, सप्टेंबरात, आम्ही पाच जण निघालो. रत्नागिरीहून रात्रीची गाडी, सकाळी होन्नावर. आपांसाठी खालचा बर्थ मिळाला. ज्येष्ठांसाठी त्याचा राखीव कोटा असतो, तिकीट काढतानाच तो मागावा. स्टेशनवर आपांना पूल चढावा लागू नये म्हणून आधीच विचारपूस केली होती. या बारीकसारीक गोष्टी लिहितो आहोत, कारण वडीलधाऱ्यांची सहल मोडते ती अशाच ठिकाणी. धबधब्यापर्यंत वाट सोपी असते, पण स्टेशनाचा जिना आडवा येतो.

होन्नावर हे शरावतीच्या मुखाशी वसलेले गाव. इथे नदी इतकी रुंद आहे की कोकण रेल्वेचा सर्वात लांब पूल याच नदीवर आहे, 2 किलोमीटरहून थोडा जास्त. सकाळी खाडीकाठी नाश्ता करताना थोरल्या मुलीने इब्न बतूताचा विषय काढला. चौदाव्या शतकातला हा मोठा मुसाफिर या बंदरात येऊन गेला होता. त्याने आपल्या सफरनाम्यात लिहून ठेवले आहे की इथल्या मुस्लिम बायकांना कुरआन तोंडपाठ आहे आणि गावात मुलींच्या 13 व मुलांच्या 23 शाळा आहेत. असे दुसरीकडे कुठे पाहिले नाही, असेही त्याने नोंदवले आहे. मोरोक्कोपासून दिल्लीपर्यंत जग पाहिलेल्या माणसाला या छोट्या बंदरात नवल वाटले ते मुलींच्या शाळांचे!

आपा ऐकत होत्या. चहाचा पेला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सहाशे वर्षांपूर्वी तेरा शाळा. आणि मला एक पुरी झाली नाही." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण आमच्या घशात घास अडकला तो अडकलाच.

होन्नावरहून जोग सुमारे 60 किलोमीटर. भाड्याची गाडी घेतली. रस्ता बराच वेळ नदीच्या सोबतीने जातो. सुपारीच्या बागा, नारळ, मधूनच हिरवट संथ पाणी. गेरसोप्पाला चहासाठी थांबलो. शरावतीकाठच्या या गावांतून नवायत मुसलमानांची वस्ती आहे. भटकळचे नवायत आपल्याला ऐकून माहीत असतात, तीच ही मंडळी. त्यांची बोली आमच्या कोकणी मुसलमानी बोलीला इतकी जवळची की टपरीशेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर बाईंशी आपांच्या गप्पा पाच मिनिटांत रंगल्या. अर्धे शब्द ओळखीचे, अर्धे अंदाजाने. आम्हाला कानडीत "चहा किती" हे विचारताना नाकी नऊ येत होते आणि आपा मात्र त्या बाईंच्या सुनेच्या माहेरापर्यंत पोचल्या होत्या.

निघताना त्या बाईंनी आपांना एक गोष्ट बजावून सांगितली. पुढे घाट आहे. रस्त्याला लागून ओहोळ दिसतील, पोरे भिजायला उतरतील. वर डोंगरात पाऊस असला तर खाली कळत नाही. पाणी लाल झाले की एक क्षणही थांबायचे नाही.

घाट दाट जंगलाचा आहे. शरावतीच्या या खोऱ्यात सिंहासारखी शेपटी असलेली दुर्मीळ वानरे राहतात आणि त्यांच्यासाठी इथे अभयारण्य आहे. आम्हाला वानरे दिसली नाहीत. दिसला तो रस्त्याच्या कडेला खडकांवरून उतरणारा एक पांढराशुभ्र ओहोळ. दोन-तीन गाड्या थांबल्या होत्या, माणसे फोटो काढत होती. पाणी घोट्याइतके. आमचा धाकटा बूट काढून कधी उतरला आणि मधल्या सपाट खडकावर कधी जाऊन उभा राहिला ते कळलेही नाही. आम्ही त्याला थांबवायला हवे होते. थांबवले नाही, उलट मोबाइल काढून त्याचा व्हिडिओ घेत होतो.

आपा गाडीतच होत्या. दार उघडे ठेवून, पाय बाहेर सोडून, डोंगराकडे तोंड करून बसलेल्या. आम्ही सगळे त्या मुलाकडे पाहत होतो. त्याच्या वर, ओहोळ जिथून येत होता तिकडे, एकट्या आपांचे लक्ष होते. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता, पण वरचा डोंगर काळा पडला होता. मग आपांना पाण्यात पाने आणि काटक्या दिसल्या. पांढरे पाणी चहासारखे झाले.

"बाहेर ये!" आपांची हाक ऐकून आम्ही सगळे दचकलो. त्यांचा आवाज इतका मोठा होऊ शकतो हे आम्हाला ठाऊक नव्हते.

"आलो फुफी, दोन मिनिटं."

आपांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. त्या गाडीतून उतरल्या आणि काठी न घेता थेट रस्त्याच्या कडेपर्यंत चालत गेल्या. गुडघे दुखणारी फुफी ओल्या दगडांच्या टोकाला येऊन उभी राहिलेली पाहिली तेव्हा तो मुलगा घाबरला आणि त्यांनाच सावरायला म्हणून धावत बाहेर आला. आपांनी त्याचा दंड धरला तो सोडला नाही. शेजारच्या गाडीतली माणसेही गडबडीने वर आली. पाचेक मिनिटांत तो सपाट खडक दिसेनासा झाला. तांबडे पाणी त्यावरून उसळत होते. त्याचा एक बूट गेला. अल्लाहचे शुक्र, जे गेले ते एवढेच.

गाडीत बराच वेळ कुणी बोलले नाही. आम्हा सगळ्यांच्या मनात 2024 चे लोणावळे होते. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याहून सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण, एक महिला आणि चार मुले, वाढलेल्या पाण्यात वाहून गेली. पाण्याच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तीही घरातली सगळी मंडळी मिळून सहलीला गेली होती. तिथेही वाट अवघड नव्हती.

हाच धोका आहे. वाट अवघड असली की माणूस जपून पाऊल टाकतो. वाट सोपी असली की त्याला पाणीही सोपे वाटू लागते. रस्त्यापासून दहा पावलांवरचे पाणी आणि घनदाट जंगलातले पाणी यांच्या ताकदीत काही फरक नसतो. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते. वेगात असले तर गुडघ्याएवढे पाणीही धडधाकट माणसाला उभे राहू देत नाही, त्यात खाली शेवाळलेला खडक. डोंगरातले ओहोळ लहान असतात, त्यांचे खोरे छोटे असते, म्हणून वर पडलेला पाऊस काही मिनिटांतच खाली येऊन पोचतो. पाण्याचा रंग बदलणे, पाने-काटक्या वाहत येणे, आवाज अचानक वाढणे, या खुणा घरातल्या प्रत्येक मुलाला पाठ असायला हव्यात. यांतली एक जरी दिसली तरी सामान, बूट, मोबाइल सगळे सोडून काठावर यायचे. दोन मिनिटे मागायची नाहीत.

जोगला पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. गाडी प्रवेशद्वाराजवळ थांबली, तिकिटे काढली, आपा थोरल्या मुलीचा हात धरून हळूहळू कठड्यापाशी आल्या. आणि समोर काहीच नव्हते.

दरी ढगांनी काठोकाठ भरलेली. पांढऱ्या पडद्यामागून नुसता घनगंभीर आवाज. त्या आवाजाने छाती हलत होती, पण दिसत काही नव्हते. जोगला पावसाळ्यात असे वारंवार होते. काही लोक पाच-दहा मिनिटे थांबून, पैसे वाया गेले म्हणत परत फिरले. आम्हीही अस्वस्थ झालो. आपांना एवढ्या लांबून आणले आणि नशिबात हे! आपा मात्र बाकावर निवांत बसल्या. "पन्नास-साठ वर्षं थांबले, आणखी तासभर थांबेन," म्हणाल्या. जोहरची वेळ झाली होती. सोबत नेलेल्या बाटलीतल्या पाण्याने वुजू केला, एका कडेला चटई अंथरली. आपांनी बाकावर बसूनच नमाज अदा केली.

त्यानंतर डबा उघडला. खाणे अर्ध्यावर असताना वारा फिरला. ढग वर सरकले आणि पडदा बाजूला करावा तसा तो अख्खा कडा एकदम समोर आला.

चार धारा. एका टोकाला राजा. कड्याला कुठेही न टेकता सरळ तळापर्यंत झेपावणारा. त्याच्या शेजारी रोअरर, म्हणजे गर्जणारा, खडकाच्या खळग्यात आदळून मोठ्या आवाजाने राजाकडे धावणारा. मग रॉकेट, फटाक्यासारखे फवारे सोडत कोसळणारे. आणि दुसऱ्या टोकाला राणी, कड्याच्या अंगाखांद्यावरून फेसाळत, पदर सोडल्यासारखी उतरणारी. आपा उठून कठड्याशी गेल्या आणि दोन्ही हातांनी कठडा धरून उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पाणी एवढं हळू का पडतंय गं?"

खरेच, पाणी तरंगत उतरत असल्यासारखे दिसत होते. मुलीने समजावले. हवेचा अडथळा मुळीच नसता तरी इतक्या उंचीवरून तळाला पोचायला सात सेकंदांहून अधिक लागले असते. हवेत तर पाणी एकसंध राहतच नाही. फुटून त्याचे थेंब होतात, थेंबांचे तुषार होतात, त्यामुळे वेग आणखी कमी होतो. आणि आपण दूर उभे आहोत म्हणून तो सगळा प्रवास आपल्याला पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत दिसतो आहे. जवळ गेलो असतो तर डोळ्यांसमोर फक्त पांढरे धुके दिसले असते.

ही गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. कठड्यापासून तळापर्यंत सुमारे 1400 पायऱ्या आहेत. जोरदार पावसात ती वाट बंद ठेवतात, आणि उघडी असती तरी आपांना त्या पायऱ्यांची स्वप्नेही पाहता आली नसती. पण 253 मीटरची उंची एका नजरेत सामावते ती कठड्यावरूनच. म्हणजे जोगचे सर्वात चांगले दर्शन जिथून होते, तिथे गुडघे दुखणारी आपा आणि अठरा वर्षांचा जवान मुलगा एकाच ओळीत उभे असतात. दोघांना सारखेच दिसते. कठडा हे भीतीमुळे आलेले बंधन आहे असे त्या मुलाला सकाळी वाटत होते. दुपारी तो आपांचा कोपर धरून त्याच कठड्याशी उभा होता आणि "आणखी पुढे जाऊ या" असे एकदाही म्हणाला नाही.

तिथे एका फलकावरून विजेचा विषय निघाला. या पाण्यावर 1948 साली वीजघर सुरू झाले, ज्याला पुढे महात्मा गांधींचे नाव दिले गेले. 1964 साली धबधब्याच्या वरच्या अंगाला लिंगनमक्की धरण पुरे झाले, आपले कोयना धरण झाले त्याच वर्षी. तेव्हापासून नदीचे बरेचसे पाणी धरणात अडते आणि वीज तयार करून पुढे जाते. म्हणून उन्हाळ्यात जोगला गेलात तर कोरडा कडा आणि त्यावर दोन-चार बारीक धारा दिसतील. त्या धरणासाठी कितीतरी गावे पाण्याखाली गेली, माणसांना घरदार सोडून उठावे लागले. कोयनेच्या खोऱ्यातून उठलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आपांनी हे ऐकून एवढेच विचारले, "त्यांच्या मुलींच्या शाळा पुन्हा सुरू झाल्या असतील का गं?" उत्तर आमच्यापाशी नव्हते.

वाचक बंधू-भगिनींनो, जायचा विचार असेल तर थोडे अनुभवाचे बोल. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ चांगला. पूर्ण दिवस हाताशी ठेवा. ढग आले तर थांबण्याची तयारी हवी. जाण्याआधी प्रवेश सुरू आहे ना याची चौकशी करा. 2025 च्या सुरुवातीला कामासाठी तो बंद होता. वारा जोराचा असल्याने छत्री टिकत नाही, रेनकोट न्या. बुरखा किंवा साडी घोळदार असेल तर ओल्या फरशीवर पायात येते, थोडी आखूड बरी. चपला रबरी तळाच्या, पकड घेणाऱ्या. औषधे, सुके कपडे आणि प्यायचे पाणी वेगळ्या पिशवीत. कोकण रेल्वेने होन्नावरला उतरता येते. सोलापूर, सांगली-कोल्हापूरकडून गाडीने येणाऱ्यांना सागर हे जवळचे मोठे गाव, तिथून जोग सुमारे 30 किलोमीटर. घाटातल्या ओहोळांत उतरू नका, इतर कितीही लोक उतरलेले दिसले तरी. आणि निघण्यापूर्वी घरातल्या मुलांशी बसून बोला. पाण्यापाशी वडीलधाऱ्यांची हाक आली की वाद घालायचा नाही, हा नियम घरातच ठरलेला असू द्या. मोबाइल हातात धरून फोटोसाठी "आणखी थोडा मागे हो" म्हणणारे बहुधा आपण मोठेच असतो, हेही मुलांसमोर कबूल करावे. आम्ही केले.

आणखी एक गोष्ट, आणि ती खास आपल्या घरांसाठी. ठिकाण निवडताना आपण पहिल्यांदा तरुणांना काय आवडेल ते पाहतो आणि मग वडीलधाऱ्यांना जमेल का ते विचारतो. "नाही जमणार" हे उत्तर तयारच असते. हा क्रम एकदा उलटा करून पाहा. घरातल्या ज्या माणसाला चालणे सर्वात कठीण, त्याला झेपेल असे ठिकाण आधी शोधा. इतरांची मजा त्यात काडीने कमी होत नाही. उलट आमचा अनुभव सांगतो की ज्याला आपण ओझे समजून घरी ठेवत होतो, त्याच माणसाची नजर त्या दिवशी कामी आली. ती पाण्यात उतरू शकत नव्हती, म्हणून तिला पाणी दिसले.

परतीच्या प्रवासात आपा खिडकीशी बसून होत्या. धाकट्याने विचारले, "फुफी, बाईंनी काढलेली रेघ बरोबर होती का?"

आपा हसल्या. "बाईंना खडू पुरला नाही रे."

घरी येऊन आता बरेच महिने झाले. शेजारच्या दोन घरांतल्या बायकांना आपांनी चारही धारांची नावे पाठ करून दिली आहेत. यंदाच्या सहलीची बोलणी परवाच सुरू झाली, तेव्हा सवयीने कुणीतरी विचारले, "मग घराकडे कोण थांबणार?"

आपांनी दाराकडे बोट दाखवले. "कुलूप आहे ना," म्हणाल्या, आणि डब्यात काय न्यायचे त्याची यादी करायला बसल्या.